आज लिंबू आलं नाही

‘ताट उचललेलं दिसलं नाही, तर “झोपले असतील” असं म्हणून पुढे जायचं नाही. आधी दार वाजवायचं.’

नोएलीन हे पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. सुट्टीवर आलेली माणसं झोपणार नाहीत तर काय करणार? एकेकाला उगाच काळजी करायची हौस असते, असं मला वाटलं आणि मी ते बोलणं सोडून दिलं.

आज ते बोलणं मला सोडत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी न्याहारीची खिडकी आहे. ऑस्ट्रेलियातल्या गनेट पॉइंटच्या किनाऱ्यावर टर्नस्टोन मोटेल आहे, तिथल्या चार नंबरच्या खोलीच्या भिंतीत, दाराला अगदी खेटून मी बसले आहे. खिडकी म्हणतात खरं, पण मला काच नाही आणि माझ्यातून समुद्र दिसत नाही. मला दोन छोटी लाकडी दारं आहेत. एक बाहेर व्हरांड्यात उघडतं, दुसरं आत खोलीत. मधे भिंतीच्या जाडीएवढं पोट. एक ताट मावेल एवढं.

ह्या पोटात हल्ली रोज सकाळी एक लिंबू असतं. आज नाही. ऊन व्हरांड्याची पायरी चढून दारापर्यंत आलं, तरी नाही. मोटेलच्या मागच्या घरातून सार्ज पहाटेपासून भुंकतोय. सार्ज म्हणजे नोएलीनचा कुत्रा. तो असा उगाच भुंकणाऱ्यातला नाही.

तुम्ही म्हणाल, एका लिंबासाठी एवढी घालमेल कशाला? म्हणून सगळं सांगते. पण भरभर सांगणार आहे, आणि मधेमधे माझा कान मागच्या घराकडे जाईल. तेवढं समजून घ्या.

मला मर्व्हने घडवलं. मर्व्ह म्हणजे नोएलीनचा नवरा. मोटेल त्या दोघांचं होतं. विटा फोडून भोक पाडताना तो डोक्यापासून पायापर्यंत लाल झाला होता, आणि नोएलीन कमरेवर हात ठेवून बघत होती.

‘मर्व्ह, हे ताटासाठी करतोयस की मांजरासाठी?’

‘ताटासाठी. मांजर खोलीचं भाडं देणार असेल तर त्याचंही बघू.’

‘आणि दार असताना खिडकी कशाला म्हणते मी?’

‘अगं, सकाळी चहा पोटात जायच्या आधी कुणाला कुणाचं तोंड बघायचं असतं? मला तरी तुझं बघवतं का?’

नोएलीनने ओला स्पंज त्याच्या पाठीत मारला. माझा जन्म हा असा हसण्याखिदळण्यात झाला. मर्व्हने पाइनच्या लाकडाची दोन दारं बसवली, कानाकोपरा कानशीने घासला, बिजागऱ्यांना तेल पाजलं, आणि मला एकच नियम शिकवला. दोन्ही दारं एका वेळी उघडी राहता कामा नयेत. आतल्याने आतलं उघडावं, बाहेरच्याने बाहेरचं. मधे मी.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. पाहुणे रात्री चिठ्ठीवर खुणा करून ठेवत : अंडी कशी, टोस्ट किती, चहा की कॉफी. सकाळी नोएलीनची ढकलगाडी व्हरांड्यातून खडखडत येई. माझं बाहेरचं दार उघडलं जाई, ताट आत सरके. कागदी पिशवीत गरम टोस्ट, स्टीलच्या झाकणाखाली अंडी, जॅमची चिमुकली डबी. मग ती बोटाच्या पेरांनी दोनदा टकटक करी आणि पुढे जाई. आत लगेच गोंधळ. ‘आज मी उघडणार!’ ‘काल तूच उघडलं होतंस!’ कितीतरी लेकरांनी माझं आतलं दार उघडताना श्वास रोखून धरलाय. जणू आत टोस्ट नाही, ससा आहे.

खाऊन झालं की रिकामं ताट पुन्हा माझ्यात ठेवायचं. नोएलीन ते उचलायला येई. खरकटं ताट दिसलं की तिचा चेहरा सैल पडे. ‘हां, चार नंबर ठीक आहे,’ असं ती स्वतःशीच पुटपुटे. तिच्या दृष्टीने खरकटं ताट म्हणजे खोलीतली सगळी माणसं रात्र काढून सुखरूप उठली.

त्या काळी खोली ठरवायची तर फोन करावा लागे. ऑफिस शेजारीच होतं आणि नोएलीनचा आवाज वाऱ्यावरही चढणारा, त्यामुळे मला सगळं ऐकू येई. ‘किती जण? लहान मूल आहे? मग रस्त्याकडची नको, तुम्हाला चार नंबर देते. उशीर होणार? होऊ दे, दिवा चालू ठेवते. डोंगरातून येताय ना, कांगारू आडवे येतात, सांभाळून चालवा हो.’ माणूस यायच्या आधीच त्याचं निम्मं घर तिला माहीत झालेलं असे. काहींना तो भोचकपणा वाटे. मला विचाराल तर होताच थोडा.

आणि मग तो मासेमारीचं सामान विकणारा फिरता विक्रेता आला. एकटाच. सकाळी ताट आलं, टकटक झाली, आतलं दार उघडलं नाही. झोपला असेल, मी म्हटलं. रात्री उशिरा आला होता बिचारा. नोएलीन रिकामं ताट न्यायला आली, तिने झाकणाला हात लावला. गार.

तिने दार वाजवलं. मग मुठीने वाजवलं. मग ती एवढ्या जोरात ओरडली, ‘मर्व्ह! किल्ली!’ की छपरावरचे सीगल उडाले.

तो न्हाणीच्या फरशीवर पडला होता. रक्तातली साखर पार उतरली होती. रुग्णवाहिका वेळेवर आली आणि माणूस वाचला. पुढे तो दर नाताळात यायचा, माझ्यातून ताट ओढून घ्यायचा आणि आतून मोठ्याने ओरडायचा, ‘जिवंत आहे गं, नोएलीन!’ आणि ती बाहेरून म्हणायची, ‘मग ताट विसळून ठेव!’

तेव्हापासून ‘झोपला असेल’ हे दोन शब्द मला गिळता येत नाहीत.

थांबा जरा. सार्ज गप्प झाला का? नाही. भुंकतोय. पण आवाज बसलाय त्याचा.

मर्व्ह गेला. नोएलीनचे गुडघे गेले. मोटेल सिडनीच्या ग्रेडनने विकत घेतलं. ग्रेडन वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. त्याने गळकं छप्पर नवं घातलं, खोल्यांत छोटी स्वयंपाकघरं केली, कपडे धुवायची यंत्रं आणली. खोल्यांची सुट्टीची घरं झाली. माणसं आता फोनवर फोटो बघतात, बोटाने पसंत करतात, पैसे भरतात, आणि त्यांना दाराचे आकडे मिळतात. ऑफिसला कुलूप लागलं. किल्ल्या गेल्या, दारांवर आकड्यांची कुलुपं बसली. दार ओढलं की आपोआप बंद. घर देणारा आणि घरात राहणारा, दोघांनी एकमेकांना बघायची गरजच उरली नाही.

न्याहारी बंद म्हटल्यावर माझं काय काम? मला भिंतीसकट पांढरा रंग फासला. दोनदा. माझ्या फटी बुजल्या. आतून माझ्यावर कापडावर छापलेलं एक मोठं चित्र टांगलं. समुद्राचं. बाहेर खरा समुद्र गर्जतोय आणि आत भिंतीवर खोटा. मी अंधारात बसून राहिले.

नोएलीनने मोटेल विकलं, पण मागचं घर ठेवलं. हिरव्या दाराचं, पुढे लिंबाचं झाड असलेलं. रोज सकाळी ती सार्जला घेऊन किनाऱ्यावर जायला निघे आणि जाताजाता, निव्वळ सवयीने, माझ्यावर टकटक करी. रंगाखाली मला ते दोन ठोके कळत. दिवसभर तेवढाच माझा विसावा. पण पाहुण्यांना ते कसं आवडणार? एकाने लिहिलं, ‘घर झकास, पण सकाळी भिंत वाजते.’ एक स्टार कापला गेला. ग्रेडनचा लगेच फोन.

‘नोएलीन, प्लीज. पाहुण्यांना हात नका लावू.’

‘मी भिंतीला हात लावते रे बाबा, पाहुण्यांना कुठे?’

‘लोकांना इथे एकांत हवा असतो.’

‘असू दे की. पण एकांतात माणूस आहे की नाही एवढं तरी कुणी बघायचं?’

त्यानंतर ती एकाच बोटाने, हळूच वाजवू लागली. चोरून एखाद्याचा गालगुच्चा घ्यावा तसं.

आता टॅम्सिनचं सांगते. तिच्यामुळेच मी आज तुमच्याशी बोलू शकते आहे.

टॅम्सिन आणि तिचा नवरा कॅलम हिवाळ्यात आले. बरोबर एफी, त्यांची रांगती मुलगी. टॅम्सिन माझ्या जातीची. घरात शिरताच तिने खिडक्यांच्या कड्या ओढून बघितल्या, टेबलाच्या टोकांना मोजे बांधले, सोफ्याखालून कुणाचंतरी हरवलेलं बटण शोधून काढलं. कॅलम पलंगावर आडवा पडून गंमत बघत होता.

‘तरी मी म्हणत होतो, टेकडीवरच्या हॉटेलात जाऊ. तिथे निदान काउंटरवर जिवंत माणूस असतं.’

‘असतं ना. पण चूल नसते. एफीची लापशी काय काउंटरवर शिजवू? आणि तिच्या लंगोटांचं काय? हॉटेलच्या बाल्कनीत वाळत घालू?’

‘घाल की. मॅनेजर सलाम ठोकेल.’

‘हसू नकोस. तिथे भिंतीपलीकडे लग्नाची पार्टी असते, पोर रात्रभर जागं. इथे आपलं आपण.’

‘बरं बाई. फक्त एक कर, बाहेर जाताना फोन बरोबर ठेव. ते आकडे त्यात आहेत आणि दार आपोआप लागतं.’

‘व्हरांड्यात पाऊल टाकायला फोन कशाला लागतो?’ टॅम्सिन म्हणाली.

ती चूक म्हणत नव्हती, मित्रांनो. तान्ही मुलं असलेल्यांना अशी घरं खरंच सोयीची पडतात. आजीआजोबांसकट सगळे एकत्र राहू शकतात, हवं तेव्हा शिजवता येतं. मी ह्या घरांच्या विरुद्ध नाही. मला फक्त एवढंच खुपतं की घराबरोबर सगळं मिळतं, पण सकाळी झाकणाला हात लावून बघणारं कुणी मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅलम गाडी घेऊन पाव आणायला गावात गेला. टॅम्सिनने चुलीवर दूध ठेवलं, एफीला चटईवर चमचा देऊन बसवलं आणि धुतलेले लंगोट कठड्यावर टाकायला दोन पावलं बाहेर आली. दक्षिणेचा वारा सुटला होता. माझ्या शेजारी धाडकन आवाज झाला. मग कुलपाचा क्लिक.

मी तो क्लिक आजवर कितीदा ऐकला होता. असा कधीच ऐकला नव्हता.

टॅम्सिनने आकडे दाबले. लाल दिवा. पुन्हा दाबले. लाल. तिसऱ्यांदा चुकल्यावर कुलूप रुसलं, आता काही वेळ काहीच घेईना. फोन आत. दूध आत. एफी आत, आणि ती रांगायला लागल्याचा सपसप आवाज मला आतून येत होता. चुलीच्या दिशेने. शेजारच्या खोल्या हिवाळ्यामुळे रिकाम्या. ऑफिसच्या दारावर टॅम्सिनने मुठी आपटल्या, पण आत होत्या नुसत्या झाडण्या आणि बादल्या.

‘एफी, तिथेच थांब सोन्या, आई आली हं, आई आली!’ ती माझ्यासमोर उभी राहून भिंतीला सांगत होती. आणि तिचा तळवा भिंतीवरून फिरता फिरता माझ्या कडेवर थबकला. रंगाखाली एक बारीक उंचवटा. सरळ. मग कोपरा. मग पुन्हा सरळ.

तेवढ्यात नोएलीन सार्जला घेऊन पायऱ्या चढली. ‘काय झालं गं पोरी?’

‘मुलगी आत आहे, चूल चालू आहे, दार लागलं! आणि हे काय आहे? इथे काहीतरी आहे, दार आहे हे!’

‘ती न्याहारीची खिडकी. पण ती नाही आता उघडायची, बाळा. रंगाने लिंपलीय त्याने. मी धावत जाऊन ग्रेडनला फोन लावते...’

‘सिडनीहून तो काय करणार? चाकू आहे का तुमच्याकडे? काहीही?’

नोएलीनच्या खिशात गळाचं आमिष कापायची सुरी होती. टॅम्सिनने ती हिसकावूनच घेतली. माझ्या फटीत पातं घुसलं आणि रंगाचा लांब साल सुटला. दुखलं, पण किती बरं वाटलं म्हणून सांगू! बाहेरचं दार करकरलं, उघडलं. आतल्या दाराला टॅम्सिनने मुठीने धक्का दिला. ते रंगात फसलेलं. दुसरा धक्का. मर्व्ह, तुझा नियम आज मोडते, मी मनात म्हटलं, आणि जोर लावला. एका लाकडाला जेवढा लावता येतो तेवढा. तो खोटा समुद्र भिंतीवरून खाली आला, आणि इतक्या वर्षांनी माझ्यातून आरपार उजेड गेला.

टॅम्सिनचा हात खांद्यापर्यंत माझ्यात. गाल भिंतीला चिकटलेला. बोटं हवेत चाचपडत होती. ‘खाली,’ नोएलीन म्हणाली, ‘डावीकडे, अजून थोडं खाली.’ दाराची आतली मूठ सापडली. दाबली. दार उघडलं.

दूध उतू जाऊन खोलीभर करपट वास झाला होता. एफी चुलीपासून हातभर अंतरावर बसली होती. भिंतीतून आलेला आईचा हात बघून ती जागीच थांबली होती, आणि खदखदून हसत होती.

टॅम्सिन तिला छातीशी धरून कितीतरी वेळ जमिनीवर बसून राहिली. नोएलीनने चूल बंद केली, भांडं नळाखाली धरलं आणि काही न विचारता चहा टाकला.

चहा पिताना टॅम्सिन एकदम म्हणाली, ‘तुम्ही इतकी वर्षं सगळ्यांची ताटं बघितलीत. तुमच्याकडे सकाळी कोण बघतं?’

नोएलीन हसली. ‘सार्ज बघतो की.’

‘चेष्टा नको. तुम्हाला काही झालं तर कुणाला कळेल?’

‘अगं, मी काय पडतेय? उगाच काळजी करायची हौस तुला.’

मित्रांनो, हे ऐकलं आणि मी दचकले. हे तर माझेच शब्द होते.

पण टॅम्सिन ऐकणाऱ्यातली नव्हती. तिने ग्रेडनला फोन केला, काय घडलं ते आवाज न चढवता सांगितलं. तो इतका घाबरला की स्वतः गाडी घेऊन आला. माझे रंगाचे पापुद्रे घासून काढले, बिजागऱ्यांना तेल दिलं, कुलपं बदलायला माणूस लावला. आणि टॅम्सिन-नोएलीनमधे एक ठरलं. नोएलीनने रोज फिरायला जाताना झाडाचं एक लिंबू माझ्यात ठेवायचं. पाहुण्यांनी ते आतून घ्यायचं. लिंबू आलं, म्हणजे नोएलीन उठली. लिंबू आलं नाही, तर मागे जाऊन हिरवं दार वाजवायचं. न्याहारी उलट्या दिशेने! पूर्वी ती माणसांची खबर घ्यायची, आता माणसांनी तिची.

पाहुण्यांना लिंबू फार आवडलं. ग्रेडनने त्याचा फोटोही टाकला. स्टार वाढले. ‘लिंबू दिसलं नाही तर हिरवं दार वाजवा’ ही ओळही त्याने सूचनांत घातली, वायफायच्या खाली, कचरा कुठल्या वारी उचलतात त्याच्याही खाली. तिथपर्यंत वाचतं कोण?

आज सकाळी आतलं दार उघडलं. सध्या इथे उतरलेल्या बाईने डोकावून बघितलं.

‘अरे, लिंबू नाही आज.’

‘संपली असतील झाडावरची,’ तिचा नवरा बूट घालता घालता म्हणाला.

‘आणि ते कुत्रं बघ ना, पहाटेपासून नुसतं भुंकतंय. कुणी बघत कसं नाही त्याच्याकडे?’

‘म्हातारी झोपली असेल. चल, देवमासे बघायची बोट सुटेल.’

क्लिक. गाडी गेली.

झाडावरची संपलेली नाहीत हो. कालच लिंबू ठेवताना नोएलीन सार्जला सांगत होती, फांद्या मोडायला आल्यात म्हणून. आणि काल टकटक करताना तिचा हात दुसऱ्या ठोक्याला थांबला होता. ती माझ्या चौकटीला धरून थोडी उभी राहिली होती. मी म्हटलं, दमली असेल.

मी एक खिडकी आहे. मला उघडता येतं, मिटता येतं, एवढंच. हाक मारता येत नाही. चालता येत नाही. तुम्हाला पाय आहेत. घर कुठलंही घ्या, हॉटेल घ्या नाहीतर सुट्टीचं घर. पण भिंतीपलीकडे कोण आहे ते माहीत करून घ्या. शेजारच्या दारात वर्तमानपत्र दुपारपर्यंत पडून असेल, तर ते ओलांडून जाऊ नका.

पण हे सगळं नंतर. सार्ज आता भुंकत नाहीये. मी कान लावून बसलेय, आणि मागून काहीच येत नाही. मित्रांनो, मोटेलला वळसा घाला. लिंबाच्या झाडाखालून वाकून जा. हिरवं दार आहे. दोनदा टकटक करा, आणि उत्तर आलं नाही तर मुठीने वाजवा. नोएलीन उठली आहे का, एवढं बघून या. जा ना, आत्ता जा.